कलम चौदा

टेबलाच्या या बाजूला मी, शेजारी मार्लिस साअरेला,
समोर तोइवो, त्याच्याजवळ त्याचा वकील कर्टिस वँग,
टोकाला लॉर्ना हेडस्ट्रॉम, मध्यस्थ,
तिच्यापुढे टिश्यूचा खोका आणि लिंबाच्या गोळ्यांची वाटी.
खिडकीबाहेर डुलुथचं बंदर गोठलेलं.
एक मालवाहू जहाज महिनाभर जागचं हललेलं नाही,
कुणाची तरी सही राहून गेल्यासारखं.

एकोणीस वर्षं मी कोर्टात उभी राहून बोलले.
इथं बसायचं असतं.
पहिल्या वर्षी जमलं नाही.
"हरकत आहे" म्हणत दोनदा खुर्चीतून उठले,
आणि लॉर्नानं न रागावता वाटी पुढे सरकवली.
तोंडात गोळी असली की माणूस जरा उशिरा बोलतो.
तेवढा उशीर पुरतो.

आता माझं काम एवढंच:
तिच्या कानाशी आकडा पुटपुटायचा,
तो बोलत असताना तिच्या हातातलं पेन हळूच काढून घ्यायचं
(ती टकटक त्याला लग्नाआधीपासून सोसत नाही),
आणि कायदा काय म्हणतो ते सांगून झालं
की कायद्याला बाहेर बाकावर बसवून यायचं.
बसतो बिचारा. फक्त दार अर्धं उघडं लागतं त्याला.

दुपारपर्यंत बरंच मार्गी लागलं.
घर तिला. ट्रक आणि कर्ज त्याला.
आयली अकरा वर्षांची, तिचे बुधवार, तिचे दात, तिचं व्हायोलिन,
नाताळ एक वर्षाआड.
मग साडेचारला मार्लिस म्हणाली,
"पेन्शन राहू दे त्याचीच. मला घरी जायचंय."

खनिजाच्या गोदीतली सव्वीस वर्षं. त्यातली अर्धी तिची.
कर्टिसनं मान खाली घातली, पण पेन उघडलं नाही.
त्याच्या जागी मी असते तर?
हा प्रश्न मी अजून कुणाला विचारलेला नाही.

दहा मिनिटं मागून घेतली. कॉरिडॉर, चिप्सचं मशीन.
म्हटलं, "द्यायचं तर दे, तुझं आहे.
पण उद्या सकाळी दे, खाऊन, झोपून उठून.
साडेचारला माणूस दमणूकही दान म्हणून देतो."
ती काही बोलली नाही. चिप्सच्या पुडीतलं मीठ
बोटानं टिपून खात राहिली.

कॉफीपाशी कर्टिस भेटला.
"तुझा कसा आहे?"
"रडतोय. दगडांचं काहीतरी सांगतोय."

घरामागे सॉना. तोइवोनं स्वतः बांधलेला.
शेगडीवरचे दगड दोघांनी सरोवराकाठी वेचले होते,
आयली पोटात होती त्या उन्हाळ्यात.
एकेक आगीत घालून पाहिला, तडकले ते फेकले,
एक्केचाळीस उरले.
मूल्यांकनाच्या अहवालात: सॉना, एक, आठ हजार डॉलर.
दगड नाहीत.

आम्ही दोघे वकील कागदी पेले धरून उभे.
म्हणायला काडीमोड, आणि पुढ्यात दगड.
कुठल्या निवाड्यात शोधायचं?

आत गेल्यावर मी तिला फक्त विचारलं.
मार्लिस त्याच्याकडे न बघता म्हणाली,
"मोठे त्याला. मोठे ऊब धरून ठेवतात.
नवा बांधेलच तो कुठेतरी, राहवायचं नाही त्याला."
तोइवोनं नाक पुसलं. "काळा चपटा तुझ्याकडे ठेव."
"ठेवणारच होते."

कर्टिसनं लिहिलं, मी खोडलं, त्यानं परत लिहिलं.
"मोठे" म्हणजे किती मोठे?
वाद घातला आम्ही, चांगला पाव तास,
त्या दिवशीचा आमचा एकमेव वाद,
आणि लॉर्ना गोळी चघळत गंमत बघत होती.
कलम चौदा: मुठीत न मावणारे.
मूठ कुणाची, तेही लिहिलं. आयलीची.

सकाळी सव्वाआठला फोन.
"खाल्लं. झोपले. अर्धी पाहिजे."
"बरं," म्हटलं, आणि बाकावरून
कायद्याला आत बोलावलं.